पैकूभाऊचा पालथा डोंगा

पुलावर हल्ली संध्याकाळी माणसं फिरायला येतात. कठड्याला टेकून वैनगंगेकडे पाहतात, फुटाणे खातात आणि ब्रह्मपुरीला परत जातात. पुलाच्या अलीकडे चहाची टपरी आहे, तिथे आम्हा म्हाताऱ्यांचा बाक ठरलेला. गेल्या महिन्यात त्या बाकावर माझं एका निवृत्त गुरुजींशी कडाक्याचं भांडण झालं आणि तेव्हापासून मी तिकडे गेलेलो नाही.

गुरुजी पुलाच्या डागडुजीवर आलेल्या एका ओव्हरसियरला खालची वाळू दाखवत होते. "इथे पैकूचा डोंगा चालायचा बरं का. काय दिवस होते ते! ना तिकीट, ना पाटी, ना शिपाई. थडीवरची एक खूण पाहायची आणि तिच्यावर विश्वास ठेवायचा. आता असा विश्वास राहिलाय का कुठे?"

मी म्हणालो, "त्याच विश्वासावर माझा भाऊ गेला."

गुरुजींना ते ऐकू आलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. गुरुजी इथले नव्हेत. पुष्कळ नंतर बदलून आलेले. पैकूला त्यांनी पाहिलेलंही नाही. ते पुढे म्हणाले, "तेव्हा माणसाला भीती अशी कशाची नव्हतीच." मग मात्र माझी मूठ बाकावर आपटली. दोन ग्लास खाली पडले. मी काय काय बोललो ते मला आठवत नाही, पण टपरीवाल्याने माझा दंड धरला होता एवढं आठवतं.

तांदळातून खडे वेचावेत तशी ही माणसं जुन्या दिवसांतून भीती वेचून फेकतात आणि मग म्हणतात, पाहा, किती मऊ भात होता. मी तो भात खाल्लेला आहे. त्या पन्नाशीच्या सालांत नदीच्या दोन्ही थड्यांवर जी गोष्ट मुबलक होती ती भीतीच. पैकूभाऊ तर भीतीवरच जगायचा. आणि त्याच्याबद्दल गुरुजींनी नव्हे, मीच लिहायला हवं. माझं त्याच्याशी एक जुनं भांडण आहे, ते त्याने माझ्याशी कधी मांडलंच नाही.

मी मिठाचा व्यापारी. डोक्यावरच्या एका गोणीपासून सुरुवात केली. ब्रह्मपुरीहून मीठ-मिरची घ्यायची, नदी ओलांडून जंगलातल्या बाजारांत न्यायची, तिकडून चारोळी, हिरडा, मोह आणायचा. पहिल्या भावात हो म्हणणारा माणूस मला कधी आवडला नाही. माझं घर नदीच्या पूर्वेला, थडीपासून कोसभर आत. तिथे माय आणि धाकटा भाऊ दामा. माल ठेवायची खोली पश्चिमेला, ब्रह्मपुरीत. मध्ये नदी. आणि आमच्या घाटावर एकच डोंगा, म्हणजे लाकडी होडी, पैकूभाऊचा.

पैकूभाऊ जातीचा धिवर. उंच, काळा, आणि आयुष्यभर बांबू रेटून उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आलेला. तळहाताची कातडी पाण्याने पांढरी पडून सुरकुतलेली. डोंगा सोडण्याआधी तो ओला हात डोंग्याच्या टोकावरून असा फिरवायचा, जसं लेकराचं नाक पुसावं. नदीला तो नदी म्हणत नसे. बाई म्हणायचा. "आज बाई रागात हाये," म्हणाला की समजायचं, खेप नाही. मगरीचंही नाव घेत नसे. मगर दिसली की हळूच म्हणायचा, "लाकूड." डोंग्यातली सगळी माणसं हात आत ओढून घ्यायची, बायका लेकरांना मांडीखाली दाबायच्या. त्याच्या बापाला असंच एक लाकूड घेऊन गेलं होतं. पैकूभाऊ तेव्हा डोंग्यातच होता.

माणसं बसवायची त्याची रीत वेगळी होती. बाकीचे नावाडी वजन पाहून बसवतात, हा स्वभाव पाहून बसवायचा. भित्री माणसं टोकाला, कारण ती हलत नाहीत. बडबडी माणसं त्यांच्या शेजारी. रागीट माणूस मात्र मधोमध, खाली तळाला, पाय पसरून.

"किसनभाऊ, तू मंदात."

"काऊन गा? दरवेळी मीच काऊन मंदात?"

"तू उठून उभा राह्यते, भाऊ. रागात मानूस उभा राह्यते. डोंग्याले उभा मानूस चालत नाई."

सगळे हसायचे. मी मधोमध बसायचो, गोण्यांना टेकून, दात खात. डोंग्यात भांडण सुरू झालं की तो बांबू उचलून धरायचा, डोंगा प्रवाहात आडवा व्हायला लागायचा आणि तो शांतपणे म्हणायचा, "भांडन थडीवर ठिवा. येतानी घेऊन जाजा." अर्ध्या नदीत त्याचं न ऐकण्याची कुणाची हिंमत नव्हती.

जुने दिवस चांगले म्हणणाऱ्यांचं पैकूभाऊ काय करायचा तेही सांगतो. मालगुजारी जाऊन दोन-चार वर्षं झाली होती. पूर्वी ज्यांच्या वाटेवर लोकांनी वहाणा हातात घेऊन चालायचं असे एक म्हातारे पाटील एकदा डोंग्यात होते. मध्यधारेत त्यांनी सुरू केलं, तांदूळ किती स्वस्त होता, माणसं किती नम्र होती, आता सगळं बिघडलं, मागचेच दिवस बरे. पैकूभाऊने बांबू थांबवला.

"मांगं जायाचं हाये का, पाटील? फिरवू डोंगा?"

"अरे, नको बाबा! चाल पुढं!"

"नाई, तुम्ही म्हनता तं फिरवतो. मांगं माहा बाप लाकडाच्या तोंडात हाये. साहेबाच्या बेगारीले गेलता पुरातून. त्याले सांगून येतो, साहेबाले नाई म्हन. तवर तुम्ही बसा डोंग्यात."

पाटलांनी दोन्ही हातांनी डोंग्याचा काठ धरला होता. डोंग्यातलं कुणी हसलं नाही. पैकूभाऊने पुन्हा बांबू रेटला आणि डोंगा दुसऱ्या थडीला लावला.

आणि तो घाबरायचा. हे मी मधोमध बसत असल्यामुळे मला खालून दिसायचं. धारेत डोंगा शिरला की त्याचे ओठ हलायला लागायचे आणि पोटरीची शीर थरथरायची. मी एकदा चिडवलं, "पैकूभाऊ, जन्म गेला नदीत, आन् अजून भेतेस?" तो म्हणाला, "ज्या दिशी भेव वाटनार नाई, त्या दिशी मी डोंग्यात पाय ठेवनार नाई. तू बी बसजो नको."

आता त्या खुणेबद्दल, जिच्यावर गुरुजींचा एवढा जीव आहे.

डोंगा एका बुंध्यातून कोरलेला होता. आतून लाकडाच्या रंगाचा, बाहेरून वर्षानुवर्षं डांबर लावून काळाकुट्ट. नदीचं पात्र तिथे इतकं रुंद की पलीकडचा माणूस बोटाएवढा दिसायचा. एरवी पलीकडून लोक तोंडाभोवती हात धरून ओरडायचे, "ओ पैकूभाऊ होऽऽ!" आणि पैकूभाऊ लांब हुंकार द्यायचा. पण पाणी धोक्याचं झालं की तो डोंगा ब्रह्मपुरीकडच्या थडीच्या उतारावर ओढून पालथा घालायचा. पांढऱ्या वाळूवर ते काळं पोट कोसभरावरून दिसायचं. काळं पोट दिसलं की नदी बंद. मग कुणी हाक मारत नसे. पूर्वेचे लोक झाडीतून थडीवर यायचे, एकदा पाहायचे आणि मागे वळायचे.

कधी कधी आपल्याकडे आभाळ स्वच्छ आणि पाणी शांत असायचं, तरी काळं पोट वर. दोन घटकांनी वरच्या अंगाचा लोंढा यायचा. पैकूभाऊला तो आधी कसा कळायचा ते मला माहीत नाही. म्हणायचा, पाण्याचा वास बदलते. एकदा जंगल खात्याचे एक साहेब शिपायांसकट अल्याडच्या थडीवर आले. स्वच्छ ऊन पडलेलं, डोंगा पालथा. साहेब म्हणाले, सरळ कर. पैकूभाऊ जाऊन त्या पालथ्या डोंग्यावर बसला. साहेबांनी त्याच्या तोंडात मारली. तो उठला नाही. दुसरी मारली. तो म्हणाला, "मारून घ्या साहेब, पन मी उठत नाई." थोड्या वेळाने नदी मातकट झाली, मग वाढली, मग तिच्यातून एक आख्खं गोठ्याचं छप्पर आलं, वर दोन शेरडं उभी असलेलं. साहेब परत गेले.

ही गोष्ट दोन्ही थड्यांवर पसरली. सरकारही जिथे परत फिरतं तिथे आपण कोण? त्या दिवसापासून काळ्या पोटावर कुणी शंका घेतली नाही.

डोंग्याला डांबर लावायचं तर तो पालथा घालावाच लागतो. त्यासाठी पैकूभाऊचा नेम होता. आदल्या दिवशी स्वतः पलीकडे जायचं, पूर्वेच्या गावांत सांगायचं, उद्या डोंगा पालथा दिसेल पण पाणी चांगलं आहे, हाक मारा. मगच दुसऱ्या दिवशी डांबर. हा नेम त्याने कधी मोडला नव्हता. तो मोडायला लावणारा माणूस मी.

कार्तिक होता. पाणी निवळलेलं, पण खोल, चालत उतरता येईल असं नव्हे. मी सकाळी ब्रह्मपुरीहून गोण्या घेऊन घाटावर आलो. मागच्या खेपेला खालच्या गोणीतलं मीठ भिजून वाहून गेलं होतं. माझं डोकं आधीच तापलेलं.

"पैकूभाऊ, तुहा डोंगा गळते. मी यात मीठ भरत नाई."

"केसाएवढी भेग हाये, भाऊ. उद्या पल्याड सांगून येतो, परवा डांबर घालतो."

"परवा? माहा बाजार उद्या हाये गा!"

"मंग आज सांगून येतो, उद्या सकाळी घालतो."

परवावरून उद्यावर आला, हे माझ्या लक्षात आलं. समोरचा एक पायरी उतरला की तो दुसरीही उतरतो, एवढं मला धंद्याने शिकवलं होतं.

"उद्या कवा घालशीन, कवा वाळन? आज घाल. आत्ता."

"न सांगता मी कवा पालथा घातला नाई."

"घटकाभराचं काम हाये. भरदुपारी कोन येते नदीवर? नाई घालत तं मी वरच्या घाटावरच्या मोठ्या नावेनं जातो, आन् गावोगाव सांगतो, पैकूचा डोंगा फुटला म्हनून."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पाण्याकडे. डोंगा हेच त्याचं नाव होतं, त्याला बट्टा लागेल ही भीती मी त्याच्या तोंडावर पाहिली आणि मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं. भाव उतरला की वाटतं तसं.

"धर तिकून," तो म्हणाला.

एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी. बांबूची तरफ लावून आम्ही डोंगा वाळूवर पालथा घातला. काळं पोट वर आलं. त्याने चुलीवर डांबराचा डबा ठेवला, धूर झाला, आणि मी आंब्याच्या सावलीत बसून तंबाखू मळली. परवाचं काम मी आजवर आणलं होतं.

उन्हं कलताना डांबर वाळलं. आम्ही नदी ओलांडली. एक थेंब आत आला नाही. मी पैकूभाऊला म्हणालो, "पाह्यलं?" तो गोण्या उतरवायला लागला. गोण्या थडीवर ठेवून मी गाडी आणायला गावाकडे निघालो. घरी पोचलो तर दार लोटलेलं, आत माय नाही, दामा नाही. शेजारची म्हातारी ओट्यावर होती. ती म्हणाली, "काऊन रे किसना, तू एकटाच? दामाले घेऊन घाटावर गेले ना दुपारी. भेटले नाईत का?"

त्या क्षणी मला जे कळलं, ती भीती. गुरुजींनी ती पाहिली असती तर ते तसं बोलले नसते.

दामाला तीन दिवसांपासून ताप होता. त्या सकाळी त्याची शुद्ध हरपली. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नव्या सुया आल्या होत्या. म्हणून चार गड्यांनी त्याला बाजेवर घातलं, वरून पांढरी चादर घातली, आणि माय बरोबर. झाडीतून थडीवर आले तर समोर काळं पोट. त्यांनी हाकही मारली नाही. पाणी शांत दिसत होतं, पण ते तर नेहमीच दिसायचं. पैकूला माहीत असतं ते आपल्याला नसतं. थोडा वेळ थांबले, चादर सारखी केली, आणि बाज उचलून जंगलाच्या वाटेने वरच्या घाटाकडे निघाले; तिथली मोठी नाव चढत्या पाण्यातही चालायची. ती वाट चार कोसांची आणि वाघाची. एक जण पुढे डबा वाजवत होता. माय मागे चालत दामाच्या पायाला हात लावून होती. अर्ध्या वाटेत तिला तो पाय गार लागला. तिने कुणाला सांगितलं नाही. तिला वाटलं, सांगितलं तर हे थांबतील.

दवाखान्यात पोचला असता तर दामा वाचला असता का? माहीत नाही. चाळीस वर्षांत मी दोन्ही उत्तरं स्वतःला दिली आहेत.

तिसऱ्या दिवशी गाव घाटावर जमलं. पैकूभाऊ वाळूत उकिडवा बसला होता. एका जाणत्याने विचारलं, "पानी नव्हतं, मंग डोंगा पालथा काऊन घातला?"

मी गर्दीत उभा होतो. 

पैकूभाऊ म्हणाला, "भेग दिसली. मनात आलं, घातला."

"न सांगता?"

"न सांगता."

"कोनी सांगतलं होतं का तुले?"

"मले कोन सांगते? डोंगा माहा हाये."

त्याने मान वर केली नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. माय पुढे गेली आणि तिने वाळूची मूठ उचलून त्याच्या अंगावर टाकली. "तुही डोंगी बुडो, पैकू," ती म्हणाली. "तुह्या घरचंही मानूस असंच थडीवरून मांगं फिरो." आणि मी, ज्याचा राग दोन तालुक्यांना ठाऊक होता, जो एका मुठीच्या मिठासाठी बाजार डोक्यावर घ्यायचा, तो मी तिथे जिभेला कुलूप घालून उभा राहिलो.

गावाने त्याला खेपांबद्दलचं वर्षाचं धान देणं बंद केलं. डोंग्यात बसायचे, कारण जवळ दुसरा डोंगा नव्हता, पण त्याच्याशी बोलायचं कुणी नाही. मायही बसायची. महिन्यातून एकदा ती ब्रह्मपुरीला यायची, आणि ती डोंग्यात बसली की मला एकच भीती. अर्ध्या नदीत पैकूभाऊ एका वाक्यात सगळं सांगेल. मी तिला एकटी जाऊ देईनासा झालो. लोक म्हणायचे, केवढा जीव आहे पोराचा आईवर. मी मधोमध बसून पैकूभाऊच्या तोंडाकडे पाहत असायचो. ते ओठ हलायचे, नेहमीसारखे. मला वाटायचं, आता. आता बोलतो. तो एवढंच म्हणायचा, "माय, तुम्ही सावलीकडून बसा."

शेवटी मला ते सहन होईना. मी त्याच्याकडे एक चांगलं धोतर आणि धानाचं पोतं घेऊन गेलो.

"हे काऊन?" त्याने विचारलं.

"असंच."

"असंच तू कोनाले काई देत नाई, भाऊ."

"घे ना गा. काय पायजे ते सांग तुले. नवा डोंगा कोरून देतो."

तो बराच वेळ हाताच्या पांढऱ्या सुरकुत्या पाहत बसला. मग म्हणाला, "पोतं घेऊन जाय. पानी येईन रात्रीतून, भिजून जाईन." आणि उठून जाळं झटकायला लागला. हेच माझं त्याच्याशी भांडण आहे. त्याने भाव सांगितलाच नाही. सांगितला असता तर मी ओरडलो असतो, कमी करून घेतला असता, दिला असता आणि मोकळा झालो असतो.

एक गोष्ट मी अजून लिहिलेली नाही. ती मायला सांगितली नाही, बायकोला सांगितली नाही.

त्या दुपारी डांबराचा धूर पैकूभाऊच्या डोळ्यांत जात होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तो बाहीने पुसत होता आणि भेगेवरून हात काढता येत नव्हता. तो मला म्हणाला, "किसनभाऊ, पाय गा, पल्याड कोनी हाये का? मले दिसत नाई." मी सावलीत होतो. मान थोडी वळवली. पलीकडच्या वाळूवर पाण्याजवळ पांढरं काहीतरी होतं. चार-पाच ठिपके, आणि मध्ये एक आडवा. हलत होतं.

"कोनी नाई," मी म्हणालो. "बगळे हायेत."

"बराबर पाह्यलं?"

"हो ना गा. तू काम कर."

हे त्याला माहीत होतं. गाव त्याच्याभोवती उभं असताना, अंगावर वाळू पडत असताना, माहीत होतं.

त्यानंतर त्याने पुरातसुद्धा डोंगा कधी पालथा घातला नाही. पाणी चढलं की डोंगा झाडाला बांधायचा आणि स्वतः थडीच्या टोकावर पावसात उभा राहून, धोतर हलवत, पलीकडे ओरडत राहायचा, "येऊ नोका होऽऽ!" दिवसदिवस. त्याचा आवाज त्यातच बसला. आणि एक सवय लागली. घाटावर जो कोणी असेल त्याला थोड्या थोड्या वेळाने विचारायचा, "पाय गा, पल्याड कोनी हाये का?" गुराख्यांना, कापड विकणाऱ्यांना, नव्या नवरीला. लोक हसायला लागले. नकला करायचे. तो सगळ्यांना विचारायचा. मला सोडून. मी शेजारी बसलेलो असलो तर तो मला ओलांडून पलीकडच्याला विचारायचा.

ते दिवस चांगले होते का? माणूस असा होता, हे खरं. दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन गप्प बसणारा आता कुठे सापडेल, असं गुरुजी म्हणतील. पण हा पूल तेव्हा असता तर पैकूभाऊचं मोठेपण कुणाला दिसलं नसतं आणि दामा बैलगाडीतून घटकाभरात दवाखान्यात पोचला असता. तो सौदा मला कुणी देऊ केला तर आयुष्यात पहिल्यांदा मी पहिल्या भावात हो म्हणेन.

पैकूभाऊला मी शेवटचं पाहिलं तेव्हा माय जाऊन वर्ष झालं होतं. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डोंगा त्याच्या भाच्याकडे होता आणि भाचा जेवायला गेलेला. दुपारची वेळ, कार्तिकच. मी गोण्यांवर बसलो होतो. पैकूभाऊ आंब्याच्या मुळीवर, तोंड नदीकडे. घाटावर तिसरं कुणी नव्हतं. मी खोकलो असेन.

"किसनभाऊ हाये का?" तो म्हणाला.

"हो."

 त्याचा खालचा खांदा आणखी खाली आला होता. मग, बसलेल्या आवाजात, माझ्याकडे तोंड न वळवता म्हणाला,

"पाय गा. पल्याड कोनी हाये का?"

मी पाहिलं. पाण्याच्या कडेला पांढरं काहीतरी होतं. चार-पाच ठिपके.  मी उठलो. वहाणा काढल्या. पाण्यात उतरलो, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. मी कधी एवढा पुढे गेलो नव्हतो, मलाही लाकडाचं भेव होतं. कपाळावर हात धरला, तरी समजेना. मग तोंडाभोवती दोन्ही हात धरून मी ओरडलो, त्या दिवशी जशी कुणी मारली नाही तशी हाक मारली. दोनदा. तीनदा.

तिसऱ्या हाकेला ते उडाले. एकेक करून, पाय मागे सोडून, वरच्या घाटाच्या दिशेने.

मी ओल्या धोतराने परत आलो.

"बगळे होते," मी म्हणालो.

"होते का?" पैकूभाऊ म्हणाला. त्याचे ओठ हलत होते. धारेत शिरताना हलायचे तसे. मग त्याने बाजूची मुळी हाताने चाचपून झाडली आणि मला बसायला जागा केली.

भाचा येईपर्यंत आम्ही दोघं तिथे बसून होतो. त्याला काही दिसत नव्हतं. मी पाहत होतो.